घर घ्यावे, दाजींना विचारून

(नांदेड व लातूर येथील इच्छुकांसाठी उपयुक्त मार्गदर्शिका)

कलम १. व्याख्या

या मार्गदर्शिकेत, संदर्भावरून दुसरा अर्थ निघत नसेल तर, 'मालक' म्हणजे ज्याला घर विकायचं आहे, पण आज नाही. 'एजंट' म्हणजे दोन्हीकडून दोन-दोन टक्के घेऊन दोन्हीकडं 'मी तुमचाच माणूस' म्हणणारा. 'टायटल क्लिअर' म्हणजे फाईल अजून कुणी उघडलेली नाही. आणि 'दाजी' म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, मुक्काम लातूर, सेवानिवृत्त, ज्यांनी पाहिल्याशिवाय नांदेडात साधी खिडकीसुद्धा विकत घेता येत नाही. तुमच्या घरात दाजी नसतील तर मामा असतील. कुणीच नसेल तर पुढं वाचू नका. तुमचं घर केव्हाच घेऊन झालं असेल.

कलम २. शहर

नांदेडचा एजंट आयुक्तालय विकतो. २००९ साली सरकारनं नांदेडला महसूल आयुक्तालय करायचं ठरवलं, लातूरनं हरकत घेतली, वाद कोर्टात गेला. आयुक्तालय यायचं ते येईल. ज्या बाजूला येणार म्हणत होते तिथले भाव मात्र तेव्हाच येऊन बसले. लातूरचा एजंट रेल्वेचे डबे विकतो. २०१८ मध्ये कोच फॅक्टरीचं भूमिपूजन झालं आणि हरंगुळच्या बाजूचा प्रत्येक प्लॉट 'फॅक्टरी टच' झाला.

दाजींचं मत स्पष्ट आहे. "लातूरला घ्या. क्लासच्या एरियात घ्या. कॉट बेसिसवर पोरं ठेवा, हप्ता पोरंच भरतील." मग आम्ही राहायचं कुठं, असं विचारलं तर दाजी म्हणतात, "नांदेडला, भाड्यानं. आताही तर तसंच राहायलाव की."

हे ऐकून घ्यावं. उत्तर देऊ नये.

कलम ३. पाणी

घर उन्हाळ्यात पाहावं. मालक पावसाळ्यात दाखवतो, कारण श्रावणात सगळ्यांचेच बोअर चालतात. एप्रिल-मेमध्ये जा, मालकाला काही विचारू नका, शेजारच्या बाईंना विचारा, "टँकर कितीला पडायलाय?" त्यांनी आकडा न थांबता सांगितला तर तिथूनच परत फिरा. नळाच्या तोटीवर बोट फिरवा. पांढरा खरखरीत थर लागला तर पाणी जड आहे, आणि तुमचा गिझर किती दिवस टिकणार हेही कळलं.

लातूरकरांना हे शिकवावं लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून आलेलं पाणी ज्यांनी प्यायलं, ते हॉल-किचन नंतर बघतात, आधी गच्चीवर जाऊन टाक्या मोजतात. नांदेडचं दुखणं उलटं. इथं नदी आहे, आणि भाद्रपदात विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की ती घरं बघायला स्वतः येते. म्हणून पूररेषा बघावी. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, निळ्या आणि लाल रेषेच्या मधे अटींवर परवानगी. दोन्ही रेषा कुठून जातात ते नगररचना विभागात कळतं. एजंटाच्या नकाशात गोदावरी नसतेच. ती फक्त जाहिरातीत असते, 'रिव्हर व्ह्यू' म्हणून.

कलम ४. ठोकणे

घरात शिरल्यावर लोक देवघर कुठल्या दिशेला आहे ते बघतात. दाजी कॉलम ठोकतात. आधी बोटाच्या पेरानं, मग खिशातल्या किल्लीनं, खालून वर, कान लावून. मालक चहा घेऊन उभा असतो आणि दाजी त्याच्या हॉलला तपासत असतात. बद्द आवाज आला की "गिलावा सुटलाय", असं मोठ्यानं सांगतात. मालकाच्या बायकोलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. मग प्रश्न सुरू होतात. कॉलम किती? बीम कॉलमवर बसलाय की विटांवर? वरचा मजला मागून चढवला का? पाया काळ्या मातीत ठेवला की मुरूम लागेपर्यंत नेला?

शेवटचा प्रश्न लिहून ठेवा. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर उभं केलेलं घर तिच्यासोबत वरखाली होतं. खिडक्यांच्या कोपऱ्यातून तिरक्या गेलेल्या भेगा बघा. नुकताच रंग दिलेलं घर असेल तर दुप्पट बघा. ज्या भिंतीला कपाट चिकटवून ठेवलंय ते कपाट सरकवायला सांगा. माणूस नाराज होतो, पण सरकवतो.

या पद्धतीनं दाजींनी तरोड्यातलं एक, कौठ्यातलं एक आणि मालेगाव रोडवरची बरीच घरं नापास केली. त्यातली काही चांगली होती. एक तर फारच चांगलं होतं, पुढं कडुनिंब, मागं मोकळी जागा. त्याला दाजींनी जिन्याखालच्या एका भेगेवरून घालवलं आणि महिन्याभरात ते दुसऱ्याच कुणी घेतलं. अजून त्या गल्लीतून जाताना मी मान दुसरीकडं करतो. आक्काला मी फोनवर बोललो सुद्धा, की यांना घर बघायचंय का फोडायचंय?

आक्का काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्यांचं गाव औसा तालुक्यातलं आहे, विसरलास का?"

विसरलो नव्हतो, पण ध्यानातही नव्हतं. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बुडवून लोक नुकते आडवे झाले होते. माळवदाची घरं, वर हातभर माती, खाली रुंद दगडी भिंती आत-बाहेर दोन थरांच्या, मधे नुसता भराव. उन्हाळ्यात गार राहणारी, आजोबा-पणजोबांनी बांधलेली. तीच लोकांच्या अंगावर आली. दाजी तेव्हा नोकरीच्या गावी होते म्हणून वाचले. गावाकडं कोण-कोण होतं ते दाजी सांगत नाहीत, आम्ही विचारत नाही. ते कॉलम ठोकतात.

तरी कडुनिंबाचं घर चांगलं होतं.

कलम ५. कागद

सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, फेरफार, एन.ए.चा आदेश, मंजूर लेआऊट, बांधकाम परवाना, भोगवटा प्रमाणपत्र, घरपट्टीची पावती. एवढं मागितलं की मालक विचारतो, "तुम्ही घर घ्यायलाव का आमच्यावर केस करायलाव?" हसावं आणि पुन्हा मागावं.

वकील तीस वर्षांचा सर्च घेतात. तेवढ्यावर मराठवाड्यात झोप लागत नाही. आपण १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानात होतो, त्यामुळं जमीन मागं मागं गेली की निजामाच्या दफ्तरात जाते. तिथं कागद उर्दूत आणि साल फसली. फसली सालात ५९० मिळवले की इंग्रजी साल येतं, एवढं तरी पाठ करा. १३५८ वाचून शिवकालाच्याही मागं गेलो असं समजू नका. १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक बघा. त्या पत्रकात जमीन इनाम किंवा मदतमाश दिसली आणि सातबारावर आज 'भोगवटादार वर्ग २' असेल, तर परवानगी आणि नजराणा हे दोन शब्द एजंटासमोर उच्चारून बघा. त्याला अर्जंट फोन येईल. कूळ दिसलं तर १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट कायदा आहेच.

गुंठेवारीचं घर असेल तर एजंट म्हणेल, "होऊन जाईल, सगळे असेच राहायलेत." सगळे तसेच राहतात हे खरं आहे. कायदा २००१ चा. २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी नियमित करायची सोय झाली. झालं आहे की होणार आहे, एवढंच विचारायचं. झालं असेल तर त्याचं प्रमाणपत्र असतं. 'होणार आहे'चं प्रमाणपत्र कुणी देत नाही.

कलम ५ (अ). बहिणी

हे कलम महत्त्वाचं असूनही कुठल्याच बँकेच्या चेकलिस्टमध्ये नीट दिलेलं नसतं. घर वडिलोपार्जित असेल तर मालकाच्या बहिणी किती हे पहिल्याच भेटीत विचारा. १९९४ साली महाराष्ट्रानं आणि २००५ साली केंद्रानं मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. मालक सांगतो, "बहिणींचं काही नाही, त्या सही करतात." त्या करतात की नाही ते मालकाला ठाऊक नसतं, त्यानं त्यांना विचारलेलंच नसतं.

आमच्या मालकाची एक बहीण बिलोलीकडं दिलेली. हक्कसोडपत्र तयार होतं, तारीख ठरली होती. बाई म्हणाल्या, सही नाही. पैसे हवेत का? नाही. हिस्सा? नाही. मग? आई थकल्यापासून पंचमीला माहेरचा मुराळी आला नव्हता. गल्लीतल्या सगळ्या लेकी माहेरी जायच्या, या दारात बसायच्या. आता सही पाहिजे म्हणून गाडी पाठवतोय होय?

एजंट म्हणाला, दोन लाख देऊन विषय संपवा. वकील म्हणाले, नोटीस काढू. दाजी म्हणाले, "पंचमी कधी आहे?"

पंचमीपर्यंत थांबलो. थांबताना मी जे जे बोललो ते या मार्गदर्शिकेत छापण्यासारखं नाही. मालक स्वतः मुराळी होऊन गेला, बहिणीला घेऊन आला, चार दिवस ठेवून घेतलं. पाचव्या दिवशी तिनं सही केली आणि वर मला म्हणाली, "घरात मागच्या बाजूला पारिजातक हाय, तोडू नका." म्हणजे विकत मी घेतलं, आणि अट तिची राहिली. राहू दे.

कलम ६. मुहूर्त

पितृपक्षात बयाना देत नाहीत. धोंड्याच्या महिन्यात करारावर सही करत नाहीत. २०२३ साली तर श्रावणच दोन आले. मार्च संपता संपता मालक थांबतो, कारण १ एप्रिलला रेडी रेकनर वाढेल. एप्रिलमध्ये तुम्ही थांबता, कारण तो वाढला. उरलेल्या दिवसांत घर घ्यावं.

बयाना रोखीत देऊ नका. पावती घ्या. पावतीवर चतुःसीमा लिहून घ्या.

कलम ७. बँक

बँकेकडं शेवटचा राहिलेला कागद कधीच शेवटचा नसतो.

कलम ८. कुणाच्या नावावर

महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ५ टक्के, वर १ टक्का अधिभार, नोंदणी फी १ टक्का पण ३० हजारांच्या वर नाही. राहतं घर बाईच्या नावावर घेतलं तर २०२१ पासून मुद्रांकात १ टक्का सूट आहे. ही सूट घरात सांगण्याआधी, आई आणि बायको एकाच वेळी घरात नाहीत याची खात्री करून घ्यावी.

कलम ९. नोंदणी

सकाळी जायचं. डबा न्यायचा. दोन साक्षीदार, आधार कार्डासकट, आणि साक्षीदार असे निवडायचे की ज्यांना दुपारनंतर कुठं लग्नाला जायचं नाही. सर्व्हर बंद असेल तर चिडू नये. तिथं कुणीच चिडत नाही. विकणारे आणि घेणारे एकाच बाकड्यावर भेळ खातात, आणि ज्यांचं महिनाभर जमत नव्हतं त्यांचं तिथं जमतं. दस्तावर सही झाल्यापासून नोंदणीला चार महिने असतात, त्यामुळं त्या दिवशी नाही झालं तरी आभाळ कोसळत नाही. हे वाक्य दाजींसमोर म्हणू नये.

आमचा नंबर लागला, आणि मालकाच्या आईचा अंगठा यंत्र घेईना. म्हातारीनं जन्मभर दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचलेला. बोंडांच्या टोकांनी बोटांवरच्या रेषा जवळजवळ गेलेल्या, उरल्या त्यांत चिरा. ऑपरेटरनं काच बाहीनं पुसली. पुन्हा ठेवा. लाल दिवा. आजी डाव्या हाताचा ठेवू का म्हणाल्या. मागं रांग होती, कुणीतरी "पुढं घ्या की दुसऱ्याला" म्हणालं. आजीच घाबरल्या, त्यांना वाटलं आपल्यामुळं पोराचा सौदा मोडायलाय.

दाजी उठले. स्वतःचा रुमाल भिजवून आणला, खाली उकिडवे बसले आणि म्हातारीचा अंगठा मांडीवर घेऊन हळूहळू पुसायला लागले. चिरांमधला मळ निघेपर्यंत. मग म्हणाले, "माय, आता डोक्यावर फिरवा. तेल लागू द्या थोडं." आजींनी अंगठा केसांतून फिरवला. "आता टेकवा. दाबू नका, नुसता टेकवा." हिरवा दिवा लागला. ऑपरेटर म्हणाला, काका, रोज येत जा.

हा उपाय कुठल्याही नियमपुस्तिकेत नाही. जोरानं दाबू नये, हा त्यातला मुख्य भाग.

कलम १०. त्यानंतर

खरेदीखत झालं म्हणजे घर झालं असं समजणाऱ्यांनी इंडेक्स टू घ्यावा आणि लगेच नाव लावायला जावं. सातबारा असेल तर फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस. महापालिकेत घरपट्टीला अर्ज वेगळा, नळपट्टीला वेगळा, वीजबिलाला आणखी वेगळा. नाही दिला तर वर्षानुवर्षं जुन्या मालकाच्या नावानं बिल येतं आणि पैसे आपण भरतो. प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी. पोच म्हणजे शिक्का, सही आणि तारीख. शिक्का गोल पाहिजे. चौकोनी शिक्क्याची पोच पुढचा साहेब मानत नाही, असं दाजींचं म्हणणं आहे. त्यांनी आमच्या एका पोचपावतीचा फोटो मागवून घेतला. शिक्का लंबगोल निघाला. येत्या रविवारी ते लातूरहून येतायत.