मंगळकाका

सेक्टर 10 मध्ये मंगळकाकांचं क्वार्टर कोणतं, असं विचारलं तर कोणी नंबर सांगत नाही. "ज्या गेटशी उभं राहिलं की अर्धा तास जातो, ते," एवढंच सांगतात. काकांच्या पत्रिकेत मंगळ नाही. तो डोक्यात आहे. नोकरी भिलाई स्टील प्लांटच्या रेल मिलमध्ये झाली, क्वार्टर लीजवर घेतलं आणि नागपूरला परतायचा विचार दरवर्षी एकदा, उन्हाळ्यात, करून सोडून दिला. निवृत्तीनंतर लोक ज्ञानेश्वरीकडे वळतात. काका परग्रहवासीयांकडे वळले.

तेही वाटेल त्या नव्हे. काकांचा परग्रहवासी 1934 च्या आतला लागतो. त्या साली स्टॅन्ली वाइनबॉमनं मंगळावरचा ट्वील नावाचा पक्ष्यासारखा हुशार प्राणी कथेत आणला. त्यानंतर, काकांच्या मते, या खात्यात भरतीच बंद आहे. सिनेमातला तो मोठ्या डोळ्यांचा एलियन? "तो ठेकेदाराचा माणूस आहे बाप्पा. परमनंट नव्हे."

ज्यूल व्हर्नवर त्यांचा वेगळाच राग. त्याच्या चंद्रसफरीच्या कादंबरीचं मराठी रूप 'केरळ कोकिळ' मासिकात 1900 साली आलं, याचा काकांना अभिमान आहे. पण चंद्राकडे जायचं आणि तिथं 'या, बसा' म्हणायला कोणी नाही, ही कसली सफर? त्यापेक्षा एच. जी. वेल्स बरा. त्यानं 1901 साली चंद्राच्या पोटात मुंग्यांसारख्यांचं आख्खं राज्य वसवलं. तिथं ज्याचं जे काम, तसाच त्याचा देह. पोरांना लहानपणीच बरणीत कोंबतात आणि फक्त हात बाहेर ठेवतात, म्हणजे यंत्र चालवायला हातच तेवढे वाढावेत. सगळ्यांचा मुख्य म्हणजे एक अगडबंब मेंदू, आणि त्याच्यावर नोकर सतत गार फवारे मारतात. "आमच्या जीएमच्या केबिनमधला कूलर पाहिला असता तर वेल्सला एवढं डोकं चालवावं लागलं नसतं," काका म्हणतात. त्या चंद्रावर काम नसलेल्याला गुंगीचं औषध देऊन निजवतात. काकांच्या माहितीप्रमाणे नाइट शिफ्टला औषधही लागत नसे.

काकांची खरी करामत ही, की त्यांनी सगळ्या सेक्टरची वर्गवारी करून टाकली आहे. नेमून दिलेल्या कामापलीकडे बोटही न हलवणारा तो चंद्रवासी. मोजक्या शब्दांत काम भागवणारा तो ट्वील. या वर्गात त्यांनी प्लांट उभारायला आलेले जुने रशियन तज्ज्ञ घातले आहेत. तीन रशियन शब्द, दोन हिंदी आणि हातवारे एवढ्यावर अख्खी शिफ्ट निघायची म्हणे. व्हॉल्तेरच्या 1752 च्या गोष्टीत शनीवरच्या माणसाला बहात्तर ज्ञानेंद्रियं असतात आणि तरी तो कुरकुरतो. हा वर्ग काकांनी पेन्शनर मंडळींसाठी राखून ठेवला आहे. काकूंचं म्हणणं एवढंच, की बहात्तर राहू द्या, ह्यांना आहेत त्या पाचातले कान तेवढे चालू करून मिळाले तर पाहा.

स्वतःला मात्र काका बोग्दानोव्हच्या मंगळाचे नागरिक समजतात. बोग्दानोव्ह हा रशियन डॉक्टर आणि क्रांतिकारक. त्याच्या 1908 च्या 'लाल तारा' कादंबरीत मंगळावर साम्यवाद येऊन स्थिरावलेला आहे. कुठल्या कारखान्यात किती माणसं कमी, किती जादा, ते फलकावर लागतं आणि लोक आपण होऊन तिकडे जातात. आणि मंगळवासी एकमेकांना रक्त देतात-घेतात, त्यानं आयुष्य वाढतं. लेखकानं मॉस्कोत खरोखरच रक्त-संक्रमणाची संस्था काढली आणि 1928 मध्ये अशाच एका प्रयोगात स्वतःचा जीव घालवला. काकांनी मात्र वय होईस्तोवर सेक्टर 9 च्या हॉस्पिटलात नेमानं रक्तदान केलं. वर सगळ्यांना बजावलं, "मंगळवाले दोन. एक वेल्सचे, रक्त पिणारे. एक आमचे, रक्त देणारे."

या सिद्धांताला सुरुंग लागला तो सेक्टरच्या भाजीबाजारात.

लाल भाजी, चेंच भाजी घेऊन बसणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईकडे, इथल्या बोलीत दाईकडे, काका रोज घासाघीस करतात. घासाघीस झाली की गोष्ट. त्या संध्याकाळी वेल्सच्या 1898 च्या 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स'ची पाळी होती. आपल्या खास हिंदी-छत्तीसगढीत काका रंगात आले: सुखानं शेती करणारी गावं. एक दिवस कुठून तरी हे लोक उतरले. झाडांहून उंच लोखंडी यंत्रं, आग, धूर. त्यांची बोली कोणाला कळेना. जमीन मात्र त्यांना पाहिजे होती. गाववाले गाठोडी घेऊन निघाले.

दाई जुड्यांवर पाणी शिंपडत ऐकत होती. तिच्या माहेरची शेतं प्लांटमध्ये गेलेली. प्लांटसाठीचा 1955 चा सोव्हिएत करार, 1959 च्या फेब्रुवारीत राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन, हे काकांना तोंडपाठ. दाईला तारखा ठाऊक नव्हत्या, यंत्रं आलेली तिनं पाहिली होती. ती शांतपणे म्हणाली, "त तुमन घलो तो अइसनेच आय रहेव, साहब." म्हणजे, तुम्हीही तर असेच आला होतात.

काका गप्प. वेल्सनंही तेच सुचवलं आहे. पहिल्याच प्रकरणात तो आपल्या वाचकांना टास्मानियाच्या लोकांचं युरोपियनांनी काय केलं याची आठवण देतो. काकांनी हे महाराष्ट्र मंडळात कितीदा ऐकवलं होतं; पण त्या व्याख्यानात मंगळवासी नेहमी इंग्रज असायचे. रेल मिलवाले कधीच नसायचे.

पण हार मानतील तर ते काका कसले. "दाई, वो लोग तो कीटाणु से मर गए. हम तो सत्तर साल से यहीं हैं!"

"तुमन भाजी खाथव न," दाईनं निकाल दिला आणि जुडी पुढे केली.

वेल्सच्या मंगळवासीयांना पोटच नव्हतं. ते दुसऱ्याचं रक्त थेट आपल्या शिरांत घेत. काकांनी त्या दिवशी घासाघीस न करता दोन जुड्या घेतल्या. आता मंडळात ते वेल्सची चूक दुरुस्त करून सांगतात: ते लोक जंतूंनी मेलेच नाहीत, ज्या गावात उतरले तिथल्या बाजाराला एकदाही गेले नाहीत म्हणून मेले.