भावी बेसिस्ट

ऑफिसच्या बँडमध्ये गिटारवाले आधीच तिघं असतात आणि हा चौथा. कुणीतरी म्हणतं, "तू बेस घे ना!" त्या दिवसापासून याच्या घरची शांतता संपते. वाजवण्यामुळे नव्हे, बोलण्यामुळे.

लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणली, १९६० मध्ये जॅझ बेस, इथून त्याची सुरुवात. जॅझचा नेक नटपाशी जेमतेम दीड इंच, प्रिसिजनचा जरा रुंद. मग शिवणाच्या टेपने स्वतःचा पंजा मोजून होतो. स्केल ३४ इंची की ३० इंची? मॅकार्टनीची ती व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर आखूडच होती, हे तो मेथी निवडणाऱ्या आईला ऐकवतो. आई विचारते, "सहा तारांची सोडून चार तारांची घेतोयस, मग पैसे कमी नकोत पडायला?" निरुत्तर होऊन तो पाच तारांची बघायला लागतो.

जेम्स जेमरसनने मोटाऊनची गाणी उजव्या हाताच्या एका बोटाने वाजवली आणि तारा तुटेपर्यंत बदलल्या नाहीत, हे त्याला तोंडपाठ आहे. स्वतःसाठी मात्र तारा फ्लॅटवाउंड घ्यायच्या की राउंडवाउंड हे ठरत नाही. शिवाय ॲम्पचे पैसे धरायचे राहिलेत, म्हणजे सगळा हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

दर शनिवारी दुकानात फेरी असते. बेसवर वाजवता काहीच येत नसल्याने तो ती उचलून वजन बघतो, एक डोळा मिटून बंदुकीचा नेम धरावा तसा नेक न्याहाळतो, पट्टा गळ्यात अडकवून हेडस्टॉक खाली झुकतोय का ते पाहतो.

"ॲक्टिव्ह आहे, नऊ व्होल्टचा सेल लागेल," दुकानदार सांगतो.

"आणि कार्यक्रमात सेल संपला तर?"

कुठला कार्यक्रम, हे दुकानदार विचारत नाही. त्यालाही दुकान चालवायचंय.

एवढ्यात कॉलेजातली एक मुलगी वडिलांबरोबर येते. दोन बेस गळ्यात अडकवून बघते. जिच्या पहिल्या फ्रेटपर्यंत हात न ताणता पोचतो, ती ठेवून घेते. छोटा बेस ॲम्प, केबल, ट्यूनर, बिल. चहा यायच्या आत खरेदी संपते. आपला माणूस न राहवून तिच्या वडिलांना रोझवूड आणि मेपलच्या आवाजातला फरक समजावतो.

"वा! किती वर्षं वाजवताय?" वडील आदराने विचारतात.

"छे हो, अजून घेतलीच नाहीये. घाईघाईत चुकीची घेतली तर हात बिघडतो."