पटाशीची मूठ बदलण्याची सोपी कृती

साहित्य : मूठ फुटलेली पटाशी, बाभळीचा ठोकळा, तांब्याच्या नळीचा तुकडा आणि लाकूडकामाचा लेथ. लेथ घरात नसल्यास ओळखीच्या कातारीचा चालेल. लोखंड कातणाऱ्याकडे मात्र जाऊ नका. तेलकट लेथवर पडलेला भुसा पाहून तो ओळख विसरतो.

आधी मूठ कशी फुटली याची घरात चौकशी करा. रंगाच्या डब्यांची झाकणं पटाशीनेच उघडली जातात, पण ती उघडताना कुणी कुणाला पाहिलेलं नसतं. चौकशी आटोपती घ्या. जुने तुकडे काढून पात्याच्या निमुळत्या शेपटीवरचा गंज घासून टाका.

लाकडाच्या बाबतीत घाई नको. माळ्यावरच्या जुन्या पलंगाचा सागवानी पाय खुणावेल. साग देखणा, पण हातोड्याचे घाव सोसावेत ते बाभळीनेच. बैलगाडीची चाकं उगाच तिची करत नसत. वखारीत ठोकळा उजेडात धरून रेषा बघा. त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेल्या पाहिजेत. मध्येच कडेने बाहेर पडलेली रेषा म्हणजे मूठ पुढच्या वेळी कुठून फुटणार, याची आगाऊ सूचना. वखारवाला गाठीचा तुकडा आग्रहाने देईल, घेऊ नका. ओला तर नकोच : वाळताना लाकूड आकसतं, मूठ सैल होते आणि ऐन कामात ती हातात येते, पातं चौकटीत राहतं.

लेथजवळ जाण्यापूर्वी अंगठी, घड्याळ काढा, बाह्या दुमडा, डोळ्यांवर चष्मा चढवा. हातमोजे घालू नका. फिरत्या लाकडात मोजा अडकला तर तो हातासकट ओढला जातो. (या कृतीतलं एवढं विनोदाने घ्यायचं नाही.) लाकूड दोन्ही टोकांना घट्ट पकडून एक फेरा हाताने द्या, हत्याराच्या टेकूला लागत नाही ना ते पाहा, मगच कमी वेगावर बटण दाबा. चौकोनाचा गोल होईपर्यंत भयंकर खडखडाट होतो. शेजारी येतील, येऊ द्या.

गोल झाल्यावर खरा धोका सुरू होतो, कारण आता मजा येऊ लागते. लांब, कुरळी सालपटं निघतात, कमरेला बाक द्यावासा वाटतो, मग एक कंगोरा, मग त्याला जोडीदार. अशाने मुठीचं लाटणं होतं आणि लाटण्याचा भोवरा. दर थोड्या वेळाने यंत्र बंद करून लाकूड मुठीत धरून बघा.

शेंबीसाठी पुढचं टोक नळीच्या आतल्या मापापेक्षा केसभर जाड ठेवा आणि नळीचा तुकडा त्यावर ठोकून बसवा. भोकही लेथवरच पाडा. ड्रिल हातात धरून ‘नजरेने सरळ’ पाडलेलं भोक फक्त पाडणाऱ्यालाच सरळ दिसतं. शेपटी निमुळती असते, म्हणून पूर्ण खोलीपर्यंत बारीक भोक आणि तोंडाशी थोडं मोठं.

आता पातं बसवायचं. इथे नवशिके पात्याच्या धारेवर हातोडा मारतात आणि धार व हातोडा दोन्ही घालवतात. शेपटी भोकात हाताने दाबा, मूठ धरून पातं खाली लोंबतं ठेवा आणि मुठीच्या वरच्या टोकावर लाकडी हातोडा मारा. प्रत्येक घावाला पातं वर चढताना दिसेल. खरं म्हणजे जड पातं जागचं हलत नाही, मूठच खाली उतरते. खाली गोणपाट अंथरा, आणि पाय तिथे नकोत.

शेवटी जवसाचं तेल चोळा. तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात फेकू नका. वाळताना ती तापते, पेटूही शकते. दोरीवर पसरून वाळवा.

बाभूळ उरली असेल. घरातल्या कानशीची आणि स्क्रू-ड्रायव्हरची मूठ चांगली आहे. कृपया त्यांना हात लावू नका.