तेव्हाचकाका

कोणी कोट्यधीश बुडाल्याची बातमी पेपरात आली की तेव्हाचकाका दाढी करून खाली येतात. एरवी गंजीफ्रॉक आणि पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा एवढ्यावर दूध आणणारा हा माणूस त्या दिवशी इस्त्रीचा बुशशर्ट चढवतो, खिशाला पेन लावतो आणि काखेत पेपराची घडी घेतो. घडीही अशी, की मथळा बाहेरच्या बाजूला यावा. गेटपाशी पहिला भेटतो तो वॉचमन. तो छपऱ्याचा, मराठी पेपर वाचत नाही. काकांचं त्यावाचून अडत नाही.

"वाचलंस का?"

"क्या हुआ, काका?"

"मी तेव्हाच म्हटलं होतं."

हे 'तेव्हा' म्हणजे नेमकं केव्हा, ते त्यांना आजवर कोणी विचारलेलं नाही. दारावरच्या पाटीवर त्यांचं रीतसर नाव, आडनाव आणि एका राष्ट्रीयीकृत बँकेतला माजी हुद्दा आहे. पण सोसायटीतली पोरंसोरंसुद्धा त्यांना तेव्हाचकाका म्हणतात, अर्थात पाठीमागे. काका राहतात विलेपार्ले पूर्वला. तुमचे कोथरूडला राहत असतील, डोंबिवलीला किंवा नाशकात. पत्ता बदलतो, बुशशर्ट तोच.

दुसऱ्याच्या दिवाळखोरीत काका घरचं कार्य असल्यासारखे वावरतात. आल्यागेल्याला बातमी वाढतात, नको म्हटलं तरी आग्रह करतात. किती कोटी, कुठल्या बँका, बायकोच्या नावावर काय, पोरगं कुठे शिकतं, सगळं तोंडपाठ. स्वतःच्या नातवाची इयत्ता मात्र त्यांना काकूंना विचारावी लागते.

2008 च्या जानेवारीत अनिल अंबानींच्या रिलायन्स पॉवरचा आयपीओ आला आणि अख्खा इश्यू मिनिटाभरात भरला. काकांनी स्वतःच्या, काकूंच्या आणि सासूबाईंच्या नावे तीन अर्ज टाकले होते. सासूबाईंना तेव्हा ऐकू येत नव्हतं, त्यामुळे संमतीचा प्रश्न आला नाही. किरकोळ गुंतवणूकदारांना 430 रुपयांना पडलेला तो शेअर फेब्रुवारीत बाजारात आला आणि पहिल्याच दिवशी 372 च्या आसपास बंद झाला. त्या संध्याकाळी काका खाली उतरलेच नाहीत. पुढच्याच महिन्यात फोर्ब्सच्या यादीत अनिल अंबानी 42 अब्ज डॉलरसह जगातले सहावे श्रीमंत ठरले, तेव्हाही काका काही बोलल्याचं कोणाच्या स्मरणात नाही.

मग 2020 चा फेब्रुवारी उजाडला. चिनी बँकांनी लंडनच्या कोर्टात लावलेल्या दाव्यात त्याच अनिल अंबानींच्या वतीने सांगण्यात आलं, की देणी वजा जाता त्यांची संपत्ती आता शून्य आहे. काकांनी ती बातमी दोनदा वाचली. मग कपाटातून वही काढली. पेन्शन, पीपीएफ, सहकारी बँकेतल्या दोन मुदत ठेवी, पोस्टाची मासिक योजना आणि राहती जागा, अशी बेरीज मारली. कर्ज काही नव्हतं. आणि ते गेटवर आले ते एका नव्याच तेजाने.

"हिशोबाने पाहिलं तर आज मी त्यांच्यापेक्षा श्रीमंत आहे."

काकू वरून गॅलरीतून म्हणाल्या, "मग येताना कोथिंबीर आणा. आणि भाव नका करत बसू, श्रीमंत माणसं."

दुपारपर्यंत काकांचं मत बदललं. "शून्य कसलं डोंबलाचं! कुठेतरी दडवलेच असणार. ही माणसं बुडत नसतात." सकाळी तो माणूस पुरता संपला होता, दुपारी त्याने अमाप दडवलं होतं, आणि ही दोन्ही मतं काका एकाच चहाबरोबर मांडू शकतात. मला वाटतं या माणसाचं खरं कसब इथे आहे. श्रीमंत संपला म्हणून बरं वाटायचं आणि संपला नाही म्हणून संतापही चालू ठेवायचा, यातलं एकही सुख सोडायचं नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरात कोर्टापुढे आलं, की अंबानींनी दागिने विकून वकिलांची फी भरली आणि आता एकच गाडी वापरतात. काका उसळले. "एकच गाडी! अरे, आमच्याकडे ती एक कुठे आहे?" त्याआधी, 2019 मध्ये, एरिक्सनची थकबाकी भरायला थोरला भाऊ धावून आला आणि धाकट्याचा तुरुंगवास टळला, त्या बातमीवर मात्र काका बराच वेळ गप्प होते. गावची आमराई आणि सामाईक विहीर यावरून त्यांचं आणि त्यांच्या थोरल्या भावाचं रत्नागिरीच्या कोर्टात चालू आहे. शेवटी एवढंच म्हणाले, "आमचे दादा असते तर धावून आले असते. साक्षीला. समोरच्या बाजूने."

विजय मल्ल्यांच्या बाबतीत मात्र मी काकांना हसणार नाही. काकांची उभी हयात कर्ज खात्यात गेली. चाळीस हजारांच्या कर्जाला दोन जामीनदार, तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आणि फोटो न चिकटवता अर्ज आणला तर "उद्या या", हा त्यांचा शिरस्ता होता. ज्यांना ज्यांना त्यांनी 'उद्या' बोलावलं, त्यांच्यातले काही अजून बाजारात दिसले की रस्ता बदलतात. असल्या माणसाने वाचावं, की 17 बँकांनी मिळून एका विमान कंपनीला हजारो कोटी दिले, 2012 मध्ये विमानं जमिनीवर आली, व्याजासकट आकडा 9000 कोटींवर गेला आणि 2016 च्या मार्चमध्ये मालक लंडनला निघून गेले! त्या दिवशी काका 'तेव्हाच' म्हणाले नाहीत. "दोन जामीनदार तरी घ्यायचे होते रे," एवढंच म्हणाले, आणि ते अगदी मनापासून.

पुढे त्यातही त्यांना विरंगुळा सापडला. पार्ल्याला विमानतळाजवळचं, मल्ल्यांच्या कंपनीचं किंगफिशर हाऊस बँकांनी लिलावात काढलं. पहिल्या खेपेला, 2016 मध्ये, राखीव किंमत 150 कोटी होती. एकही बोली आली नाही. काका रोज संध्याकाळी फिरायला त्या बाजूला जाऊ लागले. मान वर करून इमारत पाहायची, मान हलवायची, परतायचं. किंमत उतरली, पुन्हा कोणी आलं नाही. आणखी उतरली.

"घ्यायचा विचार आहे का, काका?"

"थांबलोय," काका म्हणत. "अजून खाली येणार."

असे ते पाच वर्षं थांबले. 2021 मध्ये ती वास्तू हैदराबादच्या एका कंपनीने सुमारे 52 कोटींना घेतली. काकांचा चेहरा उतरला. "घाई केली बँकांनी," म्हणाले.

आता कोणी म्हणेल, हे सगळं टीव्ही आणि मोबाइलमुळे सुरू झालं. मुळीच नाही. अमेरिकेत 1861 मध्ये यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशाच्या पुरात बॅकबे रेक्लमेशनच्या 5000 रुपयांच्या शेअरचा भाव 50,000 च्या घरात गेला. कारकून, वैद्य, वकील सगळे शेअरबाजारात. 1865 मध्ये तिकडे युद्ध थांबलं आणि इकडे रोज एक पेढी आडवी होऊ लागली. ज्यांच्या शब्दावर बाजार चाले ते प्रेमचंद रायचंद धुळीला मिळाले. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या विद्वानाचीही पुंजी त्यात गेली. त्या साली गिरगावात एकही गृहस्थ पगडी सारखी करत "मी तेव्हाच म्हटलं होतं" असं म्हणाला नसेल, यावर माझा विश्वास नाही. प्रेमचंदांनी तेजीच्या दिवसांत विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून पुढे 1878 मध्ये आईच्या नावाचा राजाबाई टॉवर पुरा झाला. त्या गृहस्थाने मात्र खिशातलं घड्याळ त्याच टॉवरकडे बघून लावलं असणार.

काकांच्या राज्यात सहानुभूतीही आहे, पण ती रेशनवर मिळते. सर्वांत मोठा वाटा भगवानदादांचा. 1951 च्या 'अलबेला' चित्रपटानंतर त्यांचा जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला होता आणि वाराप्रमाणे वापरायला सात गाड्या होत्या असं सांगतात. मग पुढचे चित्रपट पडले, बंगला गेला, गाड्या गेल्या. हा माणूस दादरच्या चाळीत राहायला आला आणि 2002 मध्ये तिथेच गेला. गणपतीची मिरवणूक चाळीखाली थांबायची आणि दादा दोन पावलं नाचून दाखवायचे. हे सांगताना काकांचा आवाज जड होतो. "राजा माणूस!" मी एकदा विचारलं, की मल्ल्याही ऐषारामीच, मग ते का नाहीत राजा? काकांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "ते चाळीत आले का?"

श्रीमंताने पडावं याला काकांची हरकत नाही. पण पडायचं तर आपल्या मजल्यापर्यंत यावं, नळावर आपल्यामागे रांगेत उभं राहावं, मग काका त्याला स्वतःची बादली देतील. लंडनमध्ये पडलेल्याला ते पडला असं मानतच नाहीत.

पडलेला पुन्हा उठला तरी काकांची पंचाईत होत नाही. अमिताभ बच्चन यांची एबीसीएल कंपनी गाळात गेली, डोक्यावर सुमारे 90 कोटींचं कर्ज झालं, तेव्हा "संपला" असा निकाल काकांनी जिन्यात दिला होता. 2000 च्या जुलैत 'कौन बनेगा करोडपती' सुरू झालं आणि महिन्याभरात त्याच जिन्यात काका म्हणाले, "उठणार हा माणूस. मी तेव्हाच म्हटलं होतं."

हर्षद मेहतांचंही तसंच. एसीसीचा शेअर 200 वरून 9000 वर गेला तेव्हा काका थक्क. 1992 मध्ये बँकांच्या पैशाचं प्रकरण फुटलं तेव्हा काका संतप्त. 2020 मध्ये त्यावरची वेब मालिका आली, तिच्या संगीताची धून नातवाच्या मोबाइलवर वाजू लागली, आणि काका म्हणाले, "काही म्हणा, डोकं होतं." मेहतांची लेक्सस गाडी आपण वरळीला पाहिली होती, असं ते पूर्वीपासून सांगतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती बेस्टच्या बसमधून लांबून दिसली होती. हल्ली गाडीने काच खाली करून काकांना रस्ता विचारल्यापर्यंत मजल गेली आहे.

एकच पडझड अशी झाली, की जिच्यावर काका आजवर अक्षर बोललेले नाहीत. पुण्याचे एक नावाजलेले बिल्डर लोकांच्या ठेवी घेत. व्याज बँकेपेक्षा घसघशीत, माणूस आपला, मराठी, शून्यातून वर आलेला. पेन्शनरांनी ग्रॅच्युइटी नेऊन ठेवली. मग व्याजाचे चेक परत येऊ लागले आणि एक दिवस अटकेची बातमी आली. त्या सकाळीही काका दुधाला खाली आले. दाढी केलेली नव्हती. पेपर काखेत होता, पण घडी मथळा आत जाईल अशी घातलेली. वॉचमनने आपणहून विचारलं, "काका, आज कौन डूबा?" काकांनी पिशवी उचलली आणि म्हणाले, "दूध पातळ येतंय हल्ली."

त्यानंतर आठवडाभर सोसायटीतल्या कोणीही हा विषय त्यांच्यासमोर काढला नाही. मुलंसुद्धा गप्प होती. लोक वाटतात तितके वाईट नसतात, निदान पार्ल्यात.

परवा शेवटी मी विचारलंच, "काका, आज जे शिखरावर आहेत त्यांच्यातला पुढचा कोण? एक नाव सांगा, लिहून ठेवतो." काकांनी चष्मा पुसला, आकाशात पाहिलं, नेमक्या त्याच वेळी काकूंनी हाक मारली असा त्यांना भास झाला आणि ते जिना चढू लागले. तुमच्या इमारतीतल्या काकांना हाच प्रश्न विचारून पाहा. त्यांनी नाव सांगितलं तर ते मात्र पेपरात यायच्या आत मला कळवा. माझेही थोडे म्युच्युअल फंडात आहेत.