थंडीचं नाव पुढे करू नका

अहो वहिनी, या ना जरा कुंपणापाशी. दुधाची पिशवी असू दे हातात, पाच मिनिटांत काही नासत नाही ते. काल सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीचा विषय सोडून माझ्या सायकलची चर्चा झाली म्हणे! मी नव्हते तेच बरं. "एवढ्या थंडीत, माकडटोपी घालून, मुलाच्या सायकलवरून कामाला जाते, न्यूमोनिया झाला म्हणजे कळेल," असं कोण म्हणालं तेही माझ्यापर्यंत आलंय. नाव कशाला घ्यायचं? त्यांच्या आणि आपल्या मावशी एकच आहेत, एवढं सांगितलं तरी पुरे.

आणि माकडटोपी नाही हो ती. हेल्मेटखाली टोपी बसतच नाही. जाड असली की हेल्मेट डोक्यावर नुसतं तरंगतं. ह्यांच्या जुन्या मफलरची पट्टी शिवून घेतलीये, कान झाकतील एवढीच. हातमोजे मात्र घेतलेत चांगले. बाकी अंग दोन चौकांत तापतं, पण बोटं वाऱ्यात उघडी. ती बधिर झाली की ब्रेक दाबल्याचं कळत नाही.

थंडी थंडी काय करतात लोक! पुण्याची डिसेंबर-जानेवारीतली पहाट सरासरी ११-१२ अंशांची. पाषाणला, एनडीएकडे त्याहून कमी, लोहगावला जास्त. दुपारी पुन्हा २९-३० आहेच. कडाक्याची म्हणावी तर १९३५ च्या जानेवारीतली, १.७ अंशांची. आपण दोघी तेव्हा जन्मालाही नव्हतो. पण पेपरात निफाडचा आकडा आला रे आला की इकडे कोथरूडमध्ये लोकांना हुडहुडी भरते. सायकलवर वारा लागतो हे खरं. दहा अंश असताना वीसच्या वेगानं गेलं, तर अंगाला सात अंश असल्यासारखं वाटतं. बस, तीन अंशांचा फरक. त्यावर एक जुनं जॅकेट पुरतं.

आमचा थोरला औलूला आहे ना, फिनलंडमध्ये, उत्तर ध्रुववृत्ताच्या जरासं खाली. तिथे उणे वीसमध्ये शाळेतली पोरं दप्तरं लावून सायकलनं शाळेत जातात. पहिल्या हिवाळ्यात त्यानं शाळेबाहेरचा फोटो पाठवला, तर बर्फात सायकलींची ही रांग! मला वाटलं पोरगा गंमत करतोय. पण नाही, २०१३ साली हिवाळी सायकलिंगची पहिली आंतरराष्ट्रीय परिषदच तिथे भरली होती. तिथे बर्फ सगळा खरवडून काढत नाहीत, दाबून सपाट करतात आणि वर बारीक खडी टाकतात. लोक कामावर निघायच्या आत मुख्य सायकलमार्गांवरून यंत्र फिरून गेलेलं असतं. काहींच्या टायरला बारीक धातूचे खिळे बसवलेले असतात, बर्फावर पकड यावी म्हणून. आता सांगा, त्या लोकांसमोर मी अकरा अंशांचं रडगाणं कुठल्या तोंडानं गाऊ?

माझी ही सायकल त्या थोरल्याचीच. इंजिनिअरिंगला असताना हट्टानं घेतलेली माउंटन बाइक, तो गेल्यावर जिन्याखाली पडून होती. भंगारवाला दोनदा विचारून गेला. एकदा माझी स्कूटर गॅरेजमध्ये होती म्हणून काढली, आणि मग स्कूटरच जिन्याखाली गेली. माझी लॅबची पहिली पाळी सातची, कोथरूडहून शिवाजीनगर. त्या वेळी रिक्षावाला "तिकडे नाही" म्हणतो आणि बस आपल्या मनाची राणी.

काय म्हणालात? डोंगरावरची सायकल शहरात कशाला? अहो, कर्वे रोडवर काय सपाट मैदान आहे? ड्रेनेजची झाकणं कुठे चार बोटं वर, कुठे चार बोटं खाली, खोदून बुजवलेले चर आणि गतिरोधक तर ज्याला वाटलं त्यानं घातल्यासारखे. बारीक टायरची रेसिंग सायकल त्यात घालून बघा. अंधारात झाकण चुकलं की रिम आउट. ही दोन इंची टायरची सगळ्यावरून जाते. थोडी जड चालते, मान्य. आपल्याला कुठे बक्षीस घ्यायचंय?

तशी ही सायकल जन्माला आली ती उनाड पोरांच्या हातून. अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मरीन भागात एक टामालपाइस डोंगर आहे. सत्तरच्या दशकात तिथली पोरं तीस-चाळीस वर्षं जुन्या, जाड टायरच्या अवजड सायकली स्वस्तात उचलायची आणि उतारावरून सोडायची. १९७६ च्या ऑक्टोबरात त्यांनी घड्याळ लावून शर्यत घेतली. उतार एवढा की मागच्या चाकाच्या हबमधला ब्रेक तापून आतलं ग्रीस जळून धूर व्हायचा आणि खाली आल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. म्हणून त्या रस्त्याचंच नाव पडलं 'रिपॅक'. त्यातल्याच जो ब्रीझनं १९७७ मध्ये खास या कामासाठी फ्रेम बनवली. गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी १९७९ मध्ये धंदा काढला, फ्रेम टॉम रिची बनवायचा. १९९६ ला अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ शिरलासुद्धा. वीस वर्षांत टवाळखोरीचं ऑलिंपिक झालं! आमच्या पोराला मी "काय त्या सायकलचं वेड" म्हणून ओरडायची, तेव्हा हे कुणी सांगितलं नाही मला.

पण घेताना लोक फसतात हो. कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्यांनी दिवाळीनंतर कुठली घेतली पाहिलीत? मागे स्प्रिंग, पुढे स्प्रिंग, दोन्हीकडे डिस्क ब्रेक, आणि सगळं मिळून किंमत एका बऱ्या मोबाइलपेक्षा कमी. आता त्या पैशात एवढं सगळं द्यायचं तर कुठेतरी लोखंडच घालणार ना? उचलून बघा एकदा, गॅस सिलिंडर परवडला. पॅडल मारलं की निम्मा जोर त्या मागच्या स्प्रिंगलाच दाबण्यात जातो. नव्याचे नऊ दिवस झाले, आता तिच्यावर पायपुसणी वाळतात. माझं म्हणणं एवढंच, रोजच्या कामाला मागची स्प्रिंग नको. पुढचा शॉकअप असला तर असू दे, चढाला लॉक करता येतो. त्या पैशात मडगार्ड आणि कॅरिअर लावून घ्या. आमच्या थोरल्यानं "माउंटन बाइकला कॅरिअर? आई, शोभा होईल" म्हणून तोंड वाकडं केलं. त्याच कॅरिअरवर मी काल दोन किलो मटार आणले.

हिवाळ्यात हवेकडे मात्र लक्ष ठेवावं लागतं. दुपारच्या तीस अंशांत टायरमध्ये ४० पाउंड हवा भरली, तर पहाटे दहा अंशांत काटा ३६-३७ च दाखवतो. गळती नसते हो, हवा आकसते. सायकलवाल्याकडे सारखं "पंक्चर बघ, पंक्चर बघ" करत जाणाऱ्यांना तो बिचारा पाण्यात ट्यूब बुडवून दाखवतो. मी आपला मुलाचा छोटा पंप ठेवलाय, त्यालाच मीटर आहे. आणि चेनला तेल टाकून पुसायचं. वरून तेल चोपडून ठेवलं, तर रस्त्यावरची सगळी धूळ तीवर बसते आणि काळं कीट तयार होतं.

आता खरी अडचण सांगू? धूर. म्हात्रे पुलाकडून खाली नदीपात्रातल्या रस्त्याला उतरलं, की एकदम अंगाला गार लागतं. थंड हवा जड, ती रात्रभर खोलगट भागात साठते, आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं. मग खालचा धूर जाणार कुठे? पालापाचोळा पेटवलेला, कचरा पेटवलेला, कुठे टायरसुद्धा. रखवालदार शेकत बसतात त्यांना तरी काय म्हणायचं? रात्रभर जागतात, कुणी त्यांना हीटर देतंय का? पण सायकलवर आपण बसल्या जागेपेक्षा कितीतरी पट हवा आत घेतो. रुमाल बांधून तो बारीक धूर अडत नाही. आपल्या पाषाणच्या आयआयटीएमची 'सफर' म्हणून सेवा आहे, तीवर हवेचा आकडा दिसतो. तो वाईट असला की मी पात्राचं नाव घेत नाही, वरच्या रस्त्यानं जाते. तिथे गाड्या असतात, पण निदान हवा हलती असते.

दुसरी अडचण अंधाराची. सगळ्यांना वाटतं, २२ डिसेंबर उलटला की दिवस मोठा झाला. दिवस होतो मोठा, पण संध्याकाळच्या बाजूनं. सूर्य उगवायला सगळ्यांत उशीर होतो तो जानेवारीच्या मध्याला, तिळगुळाच्या दिवसांत. तेव्हा सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो आणि मी सव्वासहाला घराबाहेर. पुढे पांढरा दिवा, मागे लाल, आणि कार्डिगनवर तो रस्ते झाडणाऱ्या ताईंसारखा चमकणारा पट्टा. समोरून येणारा प्रखर दिवा मारत आला की मी सरळ कडेला थांबते. त्याच्याशी भांडून काय मिळणार?

रविवारचं विचाराल तर ते वेगळंच सुख. वेताळ टेकडीवर जाते. आठशे मीटर उंची, म्हणजे शहरापेक्षा दोन-अडीचशे मीटर वर. आणि गंमत बघा, वारा पडलेला असला तर पहाटे वर पात्राइतकी थंडी नसते. ते उबदार झाकण म्हटलं ना, आपण त्याच्या जवळ पोचलेलो असतो. वरून शहर बघितलं की धुराची मळकट साय पसरलेली दिसते, आणि तिच्याखाली आपण रोज राहतो हे बघून जरा पोटात कालवतं. खाणीच्या बाजूला मोर ओरडतात. गवत वाळून सोनेरी झालेलं असतं. पण त्याची कुसळं! मोज्यांत अशी शिरतात की घरी येऊन कट्ट्यावर बसून एकेक उपटावं लागतं. धुण्यात टाकले तर ह्यांच्या बनियनला चिकटतात आणि मग दिवसभर ऐकावं लागतं. बोरी-बाभळीचे काटे आहेतच. पंक्चरची पेटी घेतल्याशिवाय टेकडी चढायची नाही.

तिथे फिरायला येणारे लोक सायकलवाल्यांवर चिडतात, आणि मला विचाराल तर बरोबर चिडतात. काही पोरं उतारावरून अशी सुटतात की आजोबांनी उडी मारावी. ब्रेक दाबून चाक फरफटवलं की पायवाटेला चर पडतो, आणि पावसाळ्यात त्या चरातून माती वाहून जाते. टेकडी वाचवायला लोकांनी मोर्चे काढलेत आणि आपण ती चाकानं खणायची? मी घंटी वाजवते, माणूस दिसला की उतरते. गवत एवढं वाळलेलं, कुणी काडी टाकली की वणवा. हल्ली तिथे कुणी सिगरेट काढली, तर मी सरळ बोलते. लॅबमध्ये दिवसभर लोकांना सुया टोचते, मला कुणाची भीती?

सिंहगडाला? हो तर, जाते की. डोणज्यापासून गडाचा घाट चढायचा. गड तेराशे मीटरच्या वर आहे. चढताना घाम, जॅकेट काढावंसं वाटतं. खरी थंडी उतरताना वाजते, कारण घामानं ओला झालेला सदरा आणि वर वारा. त्यावर जुना उपाय आहे, छातीवर सदऱ्याच्या आत वर्तमानपत्राची घडी घालायची. युरोपातले शर्यतवाले घाट उतरताना हेच करत आलेत. वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाऊन झालं, की टपरीवाल्या मावशींकडूनच शिळा पेपर मागून घ्यायचा. हसू नका, करून बघा.

आता ज्यासाठी हाक मारली ते सांगते. तुमच्या पार्किंगमध्ये तुमच्या मुलीची ती लाल सायकल उभी आहे. चादर टाकलेली, मागच्या चाकात हवा नाही, सीटवर मांजर झोपतं. फ्रेम बरी आहे, मी बघितलीये. आज संध्याकाळी दुकानात न्या. ब्रेक शू बदलायला सांगा, चेन धुऊन घ्या, सीट दोन बोटं खाली करून घ्या आणि हवा ४० च्या वर भरू देऊ नका. रविवारी साडेसहाला फाटकाशी या, पहिल्या दिवशी चांदणी चौकाच्या अलीकडूनच परत फिरू. आणि त्या मीटिंगवाल्या बाईंनाही विचारा हो, त्यांच्या गच्चीवर दोन सायकली गंजतायत.