शेवटचे दिवस कुणाच्या खिशातून?

तुमची मेडिक्लेम पॉलिसी काढा. फायद्यांची पानं सोडून द्या, ती एजंटने तुम्हाला तोंडपाठ करून दिलेली आहेत. मागे बारीक टायपात, काय काय मिळणार नाही त्याची यादी असते. तिच्यात ‘एक्सक्लुजन ०५’ शोधा.

नुसत्या विश्रांतीसाठी दाखल झालात तर पैसे नाहीत, असं तिथे सुरुवातीला म्हटलंय. ठीक आहे, यावर कुणाचं भांडण नाही. पुढे वाचा. आंघोळ घालणं, कपडे बदलणं, हिंडवणं-फिरवणं यासाठी घरी किंवा संस्थेत नर्स वा मदतनीस ठेवलात, तरी पैसे नाहीत. आणि त्याखाली आणखी एक ओळ. बरा न होणारा, शेवटच्या टप्प्यातला रुग्ण असेल, तर त्याच्या शारीरिक, सामाजिक, भावनिक आणि आध्यात्मिक गरजांसाठीची कोणतीही सेवा वगळली आहे.

कोणतीही!

जागतिक आरोग्य संघटना पॅलिएटिव्ह केअरची व्याख्या करते तीही जवळपास याच शब्दांत. शारीरिक, मानसिक-सामाजिक, आध्यात्मिक त्रास हलका करणं. जगभरचे डॉक्टर ज्या शब्दांत उपचार सांगतात, त्याच शब्दांत आपली पॉलिसी नकार देते.

हे कुण्या एका चलाख कंपनीचं काम समजू नका. वगळायच्या गोष्टींची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी करण्याचा निर्णय विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ मध्ये घेतला. त्यातलेच हे शब्द. मग पोर्टिंग करून, म्हणजे कंपनी बदलून, जाणार कुठे?

आता घरात काय होतं ते पाहा. कर्करोग चौथ्या टप्प्यात आहे. डॉक्टर म्हणतात, ‘घरी न्या, सेवा करा.’ घरी न्यायचं तर ब्युरोची मावशी, एअर बेड, डायपर, ऑक्सिजनचं मशीन, दर दोन दिवसांनी ड्रेसिंगला येणारी सिस्टर, सगळं खिशातून. आयसीयूत ठेवलं तर कॅशलेस.

मुलगा काय निवडेल?

‘नातेवाइकांना सोडवत नाही,’ असं हॉस्पिटलात सर्रास ऐकू येतं. माया असतेच. पण त्या मायेला बिलाचा दोर बांधलेला असतो, हे हॉस्पिटलातल्या क्लेमच्या, टीपीएच्या खिडकीवर कुणी बोलत नाही. आईला नळ्या नको आहेत, तिला तिच्या खोलीत पडून राहायचंय, आणि पॉलिसीचा पैसा फक्त नळ्यांना आहे. सम इन्शुअर्ड, म्हणजे विम्याची रक्कम, संपते त्या दिवशी मात्र सगळ्यांना एकदम समजतं की आता घरी न्यायला हवं.

घरच्या उपचारांना अगदीच पैसे मिळत नाहीत असं नाही. दाखल होण्याआधीचे ३० आणि डिस्चार्जनंतरचे ६० दिवस, त्याच आजाराची औषधं आणि तपासण्या बऱ्याच पॉलिसींत बसतात. पावत्या जपून ठेवा. ‘डोमिसिलियरी’ नावाची सोयही असते, पण तिला अट आहे: दुखणं इस्पितळात दाखल करण्याजोगं हवं, आणि रुग्ण हलवण्याच्या स्थितीत नसावा किंवा खाट मिळत नसावी. ‘आता इस्पितळाचा उपयोग नाही’ असं डॉक्टरांनी लिहून दिलेला माणूस यात कुठे बसवायचा?

मग हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची सेवा करणाऱ्या केंद्रात न्यावं? पॉलिसीतली हॉस्पिटलची व्याख्या वाचा. रीतसर नोंदणी असावी, ती नसेल तर किमान निकष पुरे करावेत. दहा लाखांवरच्या शहरात किमान १५ खाटा, चोवीस तास नर्स, डॉक्टर, आणि स्वतःचं सुसज्ज ऑपरेशन थिएटर.

ज्याचं ऑपरेशन होणारच नाही, त्याच्यासाठी ऑपरेशन थिएटर.

वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून चालू आहे, देशातलं पहिलं हॉस्पिस. डॉ. एल. जे. डिसूझांनी उभं केलं. गोव्यातही त्याची शाखा आहे. पुण्यात वारज्याचं सिप्लाचं केंद्र १९९७ पासून. दोन्हीकडे रुग्णाकडून पैसे घेत नाहीत, म्हणून क्लेमचा प्रश्नच येत नाही. ही माणसं थोर आहेत. पण दरवर्षी हप्ता भरणाऱ्या माणसाचे शेवटचे दिवस देणगीदाराच्या भरवशावर का जावेत? आणि परभणीच्या, गडचिरोलीच्या रुग्णाने वारज्यापर्यंत यायचं कसं?

अमेरिकेचा आरोग्यविमा काही आदर्श नाही. तरी तिथल्या ज्येष्ठांच्या मेडिकेअर योजनेत १९८०च्या दशकापासून हॉस्पिसची सोय आहे. आजार आपल्या गतीने गेला तर सहा महिन्यांपेक्षा जास्त आयुष्य नाही, असं डॉक्टरांनी प्रमाणित करायचं. रुग्णाने त्या आजारावरचे बरे करणारे उपचार सोडायचे. मग नर्स, वेदनेची औषधं, खाट, उपकरणं घरी येतात. अट कठोर आहे, पण दार तरी आहे.

आणि सहा महिन्यांचा दाखला आपल्याकडे चालत नाही असंही नाही. काही टर्म प्लॅनमध्ये ‘टर्मिनल इलनेस’ची तरतूद असते. सहा महिन्यांहून जास्त आयुष्य नाही असं तज्ज्ञांनी लिहून दिलं की मृत्यूनंतरची रक्कम आधीच हातात मिळते. तुमच्या पॉलिसीत आहे का, आजच बघा. आयुर्विम्याला जो कागद पटतो, तोच आरोग्यविम्याला दार लावायला पुरतो!

केरळने विम्याची वाट पाहिली नाही. २००८ मध्ये पॅलिएटिव्ह केअरचं सरकारी धोरण आणलं, पंचायतींना कामाला लावलं, नर्स घरोघरी फिरू लागल्या. देशाचं म्हणाल, तर अफूची कायदेशीर शेती होणाऱ्या मोजक्या देशांत आपण आहोत, अफूपासूनचं वेदनाशामक मॉर्फिन मिळणं सोपं व्हावं म्हणून २०१४ मध्ये अमली पदार्थांचा कायदाही बदलला. आणि तरी तालुक्याच्या गावी रुग्ण रात्रभर कण्हतो, कारण गोळी लिहून देणारा आणि ठेवणारा जवळ नाही. त्या गोळीची किंमत काही रुपये आहे. कण्हण्याची किंमत कुठल्याच तक्त्यात नाही.

घरात असा आजारी असेल तर एवढं करा: ‘आता काही करता येणार नाही’ हे वाक्य येण्याआधीच डॉक्टरांना पॅलिएटिव्ह टीमबद्दल विचारा. उपचार चालू असतानाही ही मदत घेता येते, तशीच घ्यायची असते. मुंबईत टाटा रुग्णालयाचा स्वतंत्र विभाग आहे, त्याची माणसं घरीही जातात. आणि ०५च्या आधारे क्लेम नाकारला, तर नकार लेखी मागा. विमा लोकपालाकडे तक्रारीला फी लागत नाही.

मानसिक आजारांवरही पॉलिसीत अशीच फुली होती. २०१७च्या कायद्याने सांगितलं की शारीरिक आजारासारखाच विमा द्यावा लागेल. २०१८ मध्ये नियामकाने परिपत्रक काढलं. तिथे संसदेला मध्ये पडावं लागलं. ०५ खालची ओळ खोडायला तेवढंही लागत नाही. ज्या कार्यालयाने ती लिहिली, त्यालाच ती खोडता येते.