लाल शाईच्या साहेबांस

प्रति,
सेन्सॉरसाहेब,
पुस्तक विभाग, पोलीस खाते,
जपानी गव्हर्नर-जनरलचे कार्यालय, केइजो (हल्लीचे सोल)

सा. न. वि. वि.

साहेब, आधुनिक कोरियन साहित्य हा माझ्या पीएच.डी.चा विषय. या साहित्याला आपल्याइतका मन लावून वाचणारा वाचक लाभल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. समीक्षक पानं चाळतात, प्राध्यापक प्रस्तावनेवर भागवतात. आपण ओळ न् ओळ वाचलीत, तीही छपाईच्या आधी आणि हातात लाल शाई घेऊन.

योम सांग-सॉप यांची ‘मान्सेजॉन’ घ्या. मार्च १९१९ च्या स्वातंत्र्य आंदोलनाआधीचा हिवाळा. तोक्योत शिकणारा एक तरुण, बायको मरणाच्या दारात आहे म्हणून घरी निघालाय. बोटीवर, बंदरावर, आगगाडीत त्याच्या मागे पाळतीवरचे पोलीस, आणि डोळ्यांदेखत हातचा गेलेला देश. १९२२ साली ही कादंबरी ‘दफनभूमी’ अशा अर्थाच्या नावानं एका नियतकालिकात सुरू झाली. तिसरा हप्ता आपण अख्खाच्या अख्खा उडवलात. पुढे ते नियतकालिकही आपण बंद पाडलंत. १९२४ मध्ये लेखकानं नाव बदलून ती एका दैनिकात छापली, त्याच वर्षी तिचं पुस्तक काढलं आणि आपण चंबूगबाळं आवरून मायदेशी परतल्यावर १९४८ मध्ये पुन्हा हात फिरवून नवी आवृत्ती आणली. एका कादंबरीच्या चार संहिता! माझे मार्गदर्शक विचारतात, ‘यातली अस्सल कुठली?’ प्रश्न आपल्याकडे वर्ग करते आहे. एखादं वाक्य १९२२ मध्ये एक आणि १९२४ मध्ये दुसरंच दिसतं, तेव्हा लेखकाला ते नव्यानं सुचलं, की लिहिताना आपली आठवण झाली?

खोडलेल्याचं काही वाटत नाही हो. खोडलेलं दिसतं तरी. आपल्या हुकमावरून छापखान्यात खिळे उलटे बसवले जायचे आणि पानावर काळ्या चौकोनांच्या रांगा उमटायच्या. लोक त्याला विटांचं वर्तमानपत्र म्हणायचे. फुल्या मोजता येतात, विटा मोजता येतात, त्याखाली काय होतं याचा अंदाज बांधून प्रकरणाची पाच-दहा पानं भरता येतात. शिवाय आपला नीटनेटकेपणा! जप्त केलेल्या मजकुराचा जपानी गोषवारा आपण १९२८ ते १९३८ अशी दहा वर्षं गोपनीय मासिक अहवालात घालत होतात. कुठे कुठे मूळ लेख नाहीसा झाला आणि आपला गोषवारा तेवढा उरला. जे जगातून पुसायचं, त्याचीच नक्कल दप्तरात जपून ठेवायची, ही अक्कल फक्त सरकारी खात्याला सुचते. शिम हुन यांनी १९३२ मध्ये कवितांचं हस्तलिखित आपल्याकडे मंजुरीला दिलं. आपण त्यावर लाल रेघा ओढून ‘वगळा’ असे शिक्के मारलेत. कवी १९३६ मध्ये गेला, संग्रह १९४९ मध्ये निघाला. ते हस्तलिखित आपल्या शिक्क्यांसकट अजून शाबूत आहे, आणि आम्ही ते आदरानं पाहतो. आदर कवीसाठी. शिक्क्यांसाठी टीप.

काही गोष्टी आपल्या नजरेखालून सुखरूप गेल्या, हेही मान्य करते. हान योंग-उन हे बौद्ध भिक्षू १९१९ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करून तुरुंगात गेलेले. त्यांचा विरहकवितांचा संग्रह १९२६ मध्ये छापून आला. त्यातलं प्रिय माणूस म्हणजे देश, बुद्ध की खरंच कुणी प्रिय माणूस, यावर आम्ही अजून भांडतो. (आमच्या महाराष्ट्रात खाडिलकरांचं ‘कीचकवध’ तीनेक वर्षं रंगमंचावर गाजलं, मग १९१० मध्ये त्यावर बंदी आली. आपल्या गोऱ्या भाऊबंदांनाही कीचक ओळखायला वेळ लागला होता.)

माझी खरी तक्रार वेगळी आहे. जे वाक्य आपल्या धाकानं लिहिलंच गेलं नाही, त्याची तळटीप कशी द्यायची? लेखक रात्री टेबलाशी बसला, वाक्य मनात आलं, आपला चेहरा आठवला, त्यानं वाक्य गिळलं. ना शाई, ना शिक्का, ना वीट. आपलं सर्वांत यशस्वी काम हेच, आणि नेमका त्याचाच पुरावा आपण ठेवला नाहीत. एरवी किती काटेकोर आपण!

आपण गेलात तेव्हा वाटलं असेल, आता विद्या बुडाली. मुळीच नाही. उत्तरेत गेलेल्या किंवा नेल्या गेलेल्या लेखकांवर दक्षिण कोरियात १९८८ पर्यंत बंदी होती. जॉन्ग जी-योंग यांच्यासारख्या थोर कवीचं नाव अभ्यासकांना मधलं अक्षर गाळून, तिथे वर्तुळ टाकून छापावं लागे. आपण मजकुरात फुल्या मारल्यात, शिष्य नावापर्यंत पोचले. गुरूचं ऊर भरून यावं असंच हे.

असो. कोरियन माणसाचं हस्तलिखित छपाईआधी आपल्याकडे यायला हवं. त्याच केइजोत राहणाऱ्या जपानी माणसाला मात्र आधी छापून मग प्रत दाखवायची मुभा, असा आपला कायदा होता. मी दोन्हींपैकी कुणीच नाही, तेव्हा सोयीची बाजू घेतली आहे. छापील प्रत सोबत जोडली आहे.

कळावे,
एक संशोधक विद्यार्थिनी